धानाखालचं तळं

८ जून २०२५

आत्याबाई,

साष्टांग नमस्कार.

मी माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगते. म्हणजे अर्ध्यातच कागद फेकायचं काम नको.

फोन तुम्ही उचलत नाही. वैजूताई म्हणाल्या, "वहिनी, तुमी लिहा, मी वाचून दाखवतो. फोन आई उलटा करून ठेवते, पन कोनी समोर वाचत बसलं तं तिच्यानं उठून जानं होत नाई." म्हणून हा खटाटोप. किशनभाऊचा भाजीचा टेम्पो रिसोडला जातो, ताईंचं रिठद वाटेतच पडतं. त्याच्याजवळ देते आहे. ताई, वाचताना आवाज गोड करू नका. मी रागानं लिहिलं असेल ते रागानंच वाचा.

आधी घरचं. मामाजी मजेत आहेत. म्हणजे त्यांनी तसं लिहायला सांगितलं आहे. "तिले लिही, मी एकदम मजेत हाओ, अन् भाकर मले बराबर जमते." माझ्या हातची भाकर पातळ लागते म्हणून आजकाल ते स्वतःच थापतात. कालची एक वाड्यातल्या कुत्र्याला टाकली. कुत्र्यानं वास घेतला, मामाजींकडे पाहिलं आणि गोठ्यामागं जाऊन झोपला. हे मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही.

आता धानाचं.

गेल्या भादव्यात गाठोडं बांधताना तुम्ही मला म्हणालात, "तुह्या धानानं माह्या मासोळ्या खाल्ल्या." एवढं बोलून तुम्ही लेकीकडे निघून गेल्या, आणि मला उत्तर द्यायला दारात कोणी उरलंच नाही. ते उत्तर मी इतके महिने तोंडात घेऊन फिरते आहे.

आत्याबाई, धान मासोळ्या खात नाही.

पाझर तलावाखालचं आपलं वावर चिबडतं, साचल्या पाण्यात सोयाबीन दरसाल सडत होतं, हे तुम्हीच मला लग्न होऊन आले तेव्हा दाखवलं. मी लाखांदूरकडची, मला चिबडलेली जमीन दिसली की माहेर दिसतं. मी म्हटलं, चहूबाजूंनी मातीचे धुरे घालून बांधी करू, धान लावू. तुम्ही हसल्या होत्या, पण नाही म्हटलं नव्हतं. धान आलंही झकास. मग तुमच्या चिरंजीवांना दुकानदारानं सांगितलं की युरिया जितका जास्त तितकं पीक काळंभोर. यांनी कपाशीला फेकतात तसा एका दमात सगळा फेकला, भरल्या बांधीत. लगेच पाऊस आला, धुऱ्यावरून पाणी वाहिलं आणि सगळं खत तुमच्या शेततळ्यात उतरलं. ते खत धानानं नाही खाल्लं, तळ्यातल्या शेवाळानं खाल्लं. पाणी रंग कालवल्यासारखं हिरवं झालं, शेवाळ माजलं, सडलं, आणि मासोळ्यांना पाण्यात श्वास उरला नाही. त्या सकाळी त्या काठाशी तोंडं वर काढून आ वासत होत्या आणि तुम्ही पदरानं वारा घालत होत्या. मी तिथंच उभी होते. मलाही रडू आलं होतं, पण तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाही.

तुमचा मुलगा तेव्हापासून युरियाचं पोतं दिसलं तरी रस्ता बदलतो. पण त्यानंही काम भागणार नाही, धानाला काहीतरी द्यावं लागतंच.

तर यंदा मी पुन्हा धान लावणार आहे. तुमच्या मागं लपूनछपून नाही, तुम्हाला कळवून.

तुमची सून,
उज्ज्वला


३० जून

आत्याबाई,

नमस्कार. माझ्या कागदाच्या पाठीमागं ताईंनी लिहून पाठवलं ते मिळालं. "आई काई बोलली नाई. पन भाकरीचं दोनदा वाचाले लावलं." मी ते मामाजींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "हासली का?" ताईंनी तसं काही लिहिलेलं नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "हासली असन. थे तोंडावर पदर घेऊन हासते, वैजूले दिसलं नसन."

धानाचे पऱ्हे टाकले आहेत. रोपं बोटभर वर आलीत. सकाळी त्यावर दव असतं तेव्हा हात फिरवला तर मांजरीच्या पाठीसारखं लागतं. 

यंदा मी काय काय करते आहे ते ऐका, आणि चुकत असेल तिथं बोला. बांधीचे धुरे गुडघ्याएवढे वर घेतले. पाणी सोडायचं तोंड एकच ठेवलं, बाकीची बुजवली. खत द्यायच्या आधी बांधीतलं पाणी कमी करायचं, खत थोडं थोडं द्यायचं, आणि दिल्यावर तोंड बंद. माझ्या भावानं माहेराहून एक पट्टी पाठवली आहे. तिच्यावर हिरव्या रंगाचे पट्टे असतात, फिक्यापासून गडदपर्यंत. धानाचं पान त्या पट्ट्यावर ठेवून पाहायचं. पान फिकं दिसलं तरच खत, नाहीतर हात खिशात.

ही पट्टी आल्यापासून तुमचा मुलगा वेडा झाला आहे. दिसेल त्याला लावून पाहतो. लिंबाच्या पाल्याला लावली, मामाजींच्या टोपीच्या अस्तराला लावली, शेषराव सरपंचाच्या मोटरसायकलला लावली. काल जेवताना मेथीच्या भाजीला लावून मला म्हणतो, "हिले युरियाची गरज नाई." मी पळी उगारली तेव्हा थांबला.

एक अडलं आहे. बांधी आणि तळं यांच्या मधात मी लांब नाली खोदली. बांधीचं पाणी सुटलं तरी सरळ तळ्यात न जाता त्या नालीत रेंगाळावं, आणि नालीत काहीतरी वाढत असावं, जे त्या पाण्यातलं खत आधीच ओढून घेईल. गवत लावावं का? कोणतं? यांना विचारलं तर म्हणतात, "आईले विचार." मामाजींना विचारलं तर ते म्हणतात, "तिले विचार." म्हणून विचारते.

उज्ज्वला


१६ जुलै

आत्याबाई,

तुमचं उत्तर आलं! ताईंच्या अक्षरात आहे, पण बोल तुमचेच आहेत हे दिसतंच. "धोपा लाव. गवत कायले? गवत गुरं खातीन. धोपा आपुन खाऊ."

तुम्ही "आपुन" म्हटलं आहे. मी ते यांना दाखवलं, यांनी मामाजींना दाखवलं, मामाजींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मला परत दिलेला नाही. मागायची माझी हिंमत नाही.

धोपा म्हणजे आमच्याकडची कोचई, पुस्तकातला अळू, हे मला शेजारच्या भागिरथाकाकूंनी विहिरीवरचे कंद दाखवले तेव्हा कळलं. आम्ही तिला कोचई म्हणतो, तुम्ही धोपा. पान तेच, वड्या त्याच, आणि कच्ची राहिली तर घशाला खाजही तीच. पूर्ण नालीभर लावला. त्याला पाणी आणि खत दोन्ही इतकं आवडतं की आताच पानं सुपासारखी झालीत. मला हे सुचायला हवं होतं. माहेरी आमच्या न्हाणीच्या पाण्यावर हीच कोचई माजायची आणि आई म्हणायची की हिला कोणी काही दिलं नाही तरी हीच सगळ्यांचं खाते.

रोवणी झाली. इकडच्या बायांना वाकून धान लावायची सवय नाही, पहिल्या दिवशी सगळ्या माझ्याकडेच पाहत होत्या. भागिरथाकाकूंचा पाय चिखलातून निघेना. ओढायला देवलाबाई गेल्या, तर त्या पण बसल्या. मग मी गेले. तिघीही चिखलात बसून इतक्या हसलो की तिकडून रेल्वे गेली तर खिडकीतली माणसं आम्हाला हात करत होती. काकूंनी तुमची आठवण काढली, "ललिताबाई असती तं तिनं आपल्याले शिव्या देल्ल्या असत्या अन् सोताच पैली रोवली असती." मी म्हटलं, येतील. त्या म्हणाल्या, "येईन का?" मी पुढचं रोप लावलं.

बरं, अजून एक विचारायचं होतं. कोंडा किती टाकावा? सकाळी एकदा की सकाळ-संध्याकाळ? आणि काठावरून टाकलेला बरा की जरा आत, मधोमध? शेळ्यांसाठी विचारते आहे.

मामाजी सांगतात की ते अजूनही मजेत आहेत.

उज्ज्वला


३ ऑगस्ट

आत्याबाई,

तुमचा प्रश्न मिळाला. "शेळ्याइले कोंडा काठावरून नाई टाकत. कोंडा कोनाले लागते?"

हा कागद किशनभाऊनं माझ्या हातात दिला तेव्हा हे शेजारी होते. वाचून यांनी कपाळावर हात मारला. "तुले खोटं बोलता येत नाई तं बोलली काहून?" मी म्हटलं, तुम्ही लिहायचं होतं मग.

खरं लिहिते. मासोळ्यांना लागतो. 

तळं जुलैत भरलं तेव्हा आम्ही बोटुकली आणून सोडली. रोहू आणि कटला. करंगळीएवढी होती, पिशवीतून पाण्यात सोडली तर क्षणात दिसेनाशी झाली. तुम्हाला सांगायचं नव्हतं, कारण मला भीती वाटत होती. अजून वाटते. या पण गेल्या तर मी तुम्हाला परत या म्हणणार कोणत्या तोंडानं? मोठ्या झाल्या, जगल्या, की मग ताईंना सांगणार होते की आत्याबाईंना घेऊन या, काही सांगू नका, काठावर उभं करा. माझा सगळा बेत त्या कोंड्यानं बुडवला.

तुम्ही त्यांना बांगड्या वाजवून बोलवायच्या, हे मामाजींच्या लक्षात होतं. त्यांनी तुमच्या जुन्या काचेच्या बांगड्या सुतळीत ओवल्या आणि काठावर बसून घोळवतात. मासोळ्या येत नाहीत. त्यांना काय माहीत, त्या नव्या आहेत. पण मामाजी रोज जातात. शेषरावकाकांनी विचारलं, "उकंडराव, हे काय?" तर म्हणाले, "तालीम."

धानाला पहिलं खत दिलं. पट्टीवर पान फिकं आलं तेव्हाच दिलं, आणि तेही मूठ आवळून. तुमचा मुलगा खत टाकताना असा चालत होता, जसं काही पायाखाली झोपलेलं बाळ आहे. नंतर बांधीचं तोंड बंद केलं. तळ्याचं पाणी चांगलं आहे, हात घातला की बोटं दिसतात. मी रोज सकाळी हात घालून पाहते. हे लिहायला नको होतं, तुम्हाला वाटेल सून खुळावली.

दुसरं खत द्यायचं आहे, पण आभाळ भरून येतं आहे. थांबावं ना?

आणि कोंडा किती, ते तुम्ही सांगितलंच नाही.

उज्ज्वला


२४ ऑगस्ट

वैजूताई,

नमस्कार. फोनवर तुम्ही म्हणालात, "वहिनी, फोनवर तुमी अर्धं हासता अन् अर्धं रडता, मले काई समजत नाई. लिहून पाठवा." म्हणून लिहिते. यावेळी तुमच्याच नावानं, कारण पत्र ज्यांना जायचं त्या इथं चुलीपुढं बसल्या आहेत.

तुम्ही त्यांना रिठदभर शोधत होतात तेव्हा त्या कुठं होत्या, ते सांगते. "किसनच्या टेम्पोत, कोथिंबिरीच्या जुड्याइवर," असं त्या स्वतःच म्हणाल्या. त्याला त्यांनी सांगितलं होतं की वैजूला विचारलं आहे. नंतर किशनभाऊ मला म्हणाला, "मले वाटलंच खोटं हाय, पन त्याइले नाई कोन म्हनन?"

त्या दिवशी सकाळपासून आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं. आम्ही खत दिलं नव्हतं. "आभाळ पाह्य, पट्टी नंतर पाह्यजो," असा आत्याबाईंचा निरोप तुमच्या अक्षरात आला होता, आणि मी तो देवाचा शब्द मानला होता. आमच्या बांधीची मला काळजी नव्हती. पण वरच्या अंगाला ग्यानबाकाकांची कपाशी आहे. त्यांनी आदल्या संध्याकाळीच युरिया फेकला होता. सकाळी मी पाहिलं तर मातीवर अजून पांढरे दाणे दिसत होते. आणि त्यांच्या वावरातलं सगळं पाणी ज्या ओहळातून येतं, तो आपल्या बांधीच्या कडेनं उतरून सरळ तळ्यात जातो. धोप्याची नाली त्याच्या वाटेत येत नाही. मी नाली माझ्या धानासाठी खोदली होती, ग्यानबाकाकांच्या कपाशीसाठी नाही.

ताई, ओहळ भरून वाहायला लागला. तुमचे भाऊ खालच्या धुऱ्यावर मातीची पोती रचत होते. ओहळाच्या तोंडाशी आम्ही पोती टाकून पाहिली होती, पाण्यानं ती लोटून दिली. मग एकच रस्ता उरला. बांधीचा वरचा धुरा तोडायचा, ओहळ बांधीत घ्यायचा, ते खताचं पाणी धानात थांबवायचं आणि तिथून हळूहळू धोप्यात सोडायचं. धान ते खत पिऊन घेईल. पण एवढं पाणी आलं आणि खालचा धुरा फुटला, तर धान जाईल आणि मग तळंही जाईल.

मी फावडं उचललं. पहिला घाव घालणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब वं! काय करून राह्यली?"

डोक्यावर पोत्याची खोळ, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि कोथिंबिरीचा वास. मला वाटलं मला भास होतोय.

मी म्हटलं, "ओहळ बांधीत घेते, आत्याबाई. ग्यानबाकाकाचं सारं खत तळ्यात जाऊन राह्यलं."

"अन् धान? थे बुडन ना! खालचा धुरा फुटला तं मुयापासून उपटून जाईन!"

"मासोळ्या मरतील!"

"मरू दे! मासोळ्या पुन्ना आनता येतात. एवढं कंबर मोडून लावलं, थे काय पान्यात घालतं?"

"धानही पुन्हा लावता येतं!"

"कवा लावशीन? दिवाळीत?"

आम्ही दोघी पावसात एकमेकींवर ओरडत होतो. इतक्या महिन्यांनी समोरासमोर आलो आणि पहिलं बोलणं हे. त्या माझ्या धानासाठी भांडत होत्या आणि मी त्यांच्या मासोळ्यांसाठी, हे माझ्या डोक्यात त्या वेळी आलंच नाही. मामाजी छत्री धरून धुऱ्यावर उभे होते. छत्री उलटी झाली होती, तरी धरून होते. ते म्हणाले, "तुमी दोघी सावकाश ठरवा. पन पानी थांबून नाई राह्यलं."

आत्याबाईंनी माझ्या हातातलं फावडं घेतलं. त्यांनी ओहळाकडे पाहिलं, बांधीकडे पाहिलं आणि मी तोडणार होते तिथं नाही, तर वरच्या कोपऱ्यात, जिथं धुरा जाड आहे, तिथं हातभर रुंद तोंड केलं. तळाशी एक दगड बसवला, म्हणजे पाणी तोंड खणून मोठं करणार नाही. "आता खालचं तोंड उघड, पन अर्धंच. जितकं आत येईन, त्याच्यापेक्षा कमी भाईर गेलं पायजे. तुह्या धोप्याले दमानं पिऊ दे." ओहळ वळला. बांधी भरायला लागली. धानाच्या पानांची फक्त टोकं पाण्यावर राहिली. आत्याबाई त्या टोकांकडे पाहून म्हणाल्या, "घे बापा. पे. तुह्याच भरोशावर हाय सारं."

मी ऐकलं, ताई. तुमच्या भावानंही ऐकलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही, नाहीतर काम राहिलं असतं.

मग खालच्या धुऱ्याला आम्ही तिघं पाठ लावून बसलो. माती सुटत होती, पोती सरकत होती, आम्ही टाच रोवून होतो. आत्याबाई मधात, मी एका बाजूला, मामाजी दुसऱ्या बाजूला, आणि हे वाकून चिखलाचे गोळे लावत होते. मामाजींनी विचारलं, "वैजूकडे भाकर चांगली भेटत होती का?" त्या म्हणाल्या, "चूप बसा, पानी पाहा." त्यांच्या पाठीचं हसणं मला माझ्या खांद्याला लागलं.

दुपार कलली तेव्हा पाऊस उघडला. धुरा टिकला. कोपऱ्यातलं थोडं धान आडवं झालं, बाकी उभं होतं.

पण तेवढ्यानं खरं काही कळत नाही. पाणी हिरवं व्हायचं असेल तर ऊन पडल्यावर होतं. आत्याबाई रोज उजाडताच काठावर जाऊन बसायच्या. मी चहा घेऊन जायची. दोघी पाण्याकडे पाहत बसायचो. पाणी गढूळ होतं. पोळ्याच्या दिवशी बैल धुवायला गेलो तेव्हाही गढूळच होतं, हिरवं नव्हतं. काल पहिल्यांदा खालचा दगड दिसला. त्यांनी कोंड्याची मूठ टाकली. आधी काहीच नाही. मग पाणी थरथरलं, आणि एकदम शंभर तोंडं वर आली. श्वासासाठी नाही, खायला! आत्याबाईंनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी फुटली. 

कोंडा किती टाकायचा ते मला आता माहीत आहे. पण सांगणार नाही, असं त्या म्हणतात, कारण टाकणार त्याच.

तुमच्याकडे राहिलेलं त्यांचं गाठोडं किशनभाऊजवळ द्या. त्या मासोळ्यांसाठी आल्या आणि आता त्यांच्याजवळून हलायला तयार नाहीत.

तुमची वहिनी,
उज्ज्वला


९ नोव्हेंबर

वैजू,

हे मी, तुही माय, सांगून राह्यली अन् उज्वला लिहून राह्यली. तिले म्हटलं हाय, मी बोलतो तसंच लिहायचं, शाळेतलं करू नको.

(ताई, मी तसंच लिहिते आहे. कंसातलं तेवढं माझं.)

आमचं धान कापलं. 

(पाहा, "आमचं".)

चांगलं झालं. आडवं पडलेल्या कोपऱ्यात दाना बारीक भरला, बाकीचं मस्त हाय. गेल्या सालापेक्षा खत निम्मं बी नाई लागलं. उज्वलाच्या भावाच्या पट्टीनं काम केलं, पन आभाळ पाहून खत टाकाचं हे मी सांगतलं होतं. धोपा बी मी सांगतला होता.

(खरं आहे. गावात भेटेल त्याला सांगतात.)

ग्यानबा आलता. मी त्याले धरून ओहळावर नेलं. म्हटलं, बापा, तुह्यं खत तुह्या कपाशीले लागलंच नाई, आमच्या धानानं खाल्लं, तूच पाह्य कोनाची कपाशी पिवळी हाय अन् कोनाचं धान हिरवं हाय. त्याले रागच आला आंधी. मग म्हने, धोप्याचे कंद देता काय? पोतंभर देले. त्याच्या ओहळाच्या कडेनं आता धोपाच धोपा हाय. साऱ्या गावात वड्या चालू हायत. शेषराव म्हने, आता वडी दिसली तं मी पळतो.

मासोळ्या अजून लहान हायत. मी जाळं टाकू देत नव्हतो. पन तुह्या बापानं तोंड एवढंसं केलं, म्हून आज चार काढू देल्ल्या. थो म्हने, वैजूले बलाव. मी म्हटलं, वैजू येईनच, तिले न्यावाले तांदूळ भरून ठेवला हाय. लेकराइले घेऊन ये. जऊळक्यापर्यंत रेल्वेनं ये, तुहा भाऊ इकास टेसनावर येईन.

अजून एक लिही. वैजूले वाटत असन, माय न सांगता काहून पळाली. त्या सकाळी तुह्या टिनावर पाऊस वाजून राह्यला होता. मी आयकून राह्यली होती. मले वाटलं, तठी ओहळ आला असन. इकासले काई उमजत नाई, अन् तुह्या बापाच्यानं काई होत नाई. पोरगी एकटीच पान्यात उभी असन. माह्यानं बसवलं नाई.

(ताई, मी थांबले. इतके महिने मी समजत होते की त्या मासोळ्यांसाठी आल्या. मी तसं तुम्हाला लिहिलंही होतं.)

"लिही ना वं, थांबली काहून?"

(लिहिते आहे.)

बाकी सारं ठीक हाय. पुढच्या साली मले बी एक बांधी पायजे, तळ्याच्या पलीकडची. उज्वला म्हनते, ती माही हाय. पाहू.

(ती माझीच आहे.)

आता बस झालं. तांदूळ उतरला, रस्सा उकळून राह्यला, तुहा बाप ताटावर बसून चुलीकडे पाहून राह्यला. 

(ताई, आत्याबाई म्हणतात, कागद ठेव अन् तू बी माह्याजवळ बस, आज मी वाढतो.

ठेवते.)